मालकाचे दोन दाखले

रोग मंगळवारी आला आणि शुक्रवारी दुपारपर्यंत चारही शेड रिकाम्या झाल्या. पांढरे कपडे घातलेली, तोंडाला फडकी बांधलेली माणसं गाडीतून उतरली. त्यांनी कोंबड्या पोत्यांत भरल्या, मागच्या माळावर खड्डे खणून त्यात टाकल्या आणि वरून चुना ओतला. आजारी कोणती, धडधाकट कोणती, असला भेद केला नाही. शेवटी पंखे बंद झाले तेव्हा अक्काच्या लक्षात आलं, की पंधरा वर्षांत ही जागा आपण कधी गप्प पाहिलेली नाही.

अक्का त्या शेडमध्ये खाद्याची पोती ओढायची, अंडी गोळा करायची. तिचा धाकटा भाऊ टोकाच्या अंधाऱ्या खोलीत बसायचा. तिथे पत्र्याचा एक डबा होता, डब्यात बल्ब, आणि वर अंड्याच्या टोकाएवढं भोक. अंडं भोकावर धरलं की आतलं सगळं दिसतं: तडा, रक्ताचा ठिपका, पातळ झालेला बलक. भाऊ एकेक अंडं धरायचा, अर्धा वळसा फिरवायचा आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायचा. पास किंवा नापास. म्हणून शेडवर सगळे त्याला मास्तर म्हणायचे. छत्तीस वर्षांचा होता, पण शेडवर त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

तपासलेल्या ट्रेंच्या चळतीवर चिठ्ठी लावायची, हेही त्याचंच काम. कधी हिशेब बदलला तर मालक नवी चिठ्ठी पाठवायचा. मग मास्तर जुनी चिठ्ठी काढून तिचे चार तुकडे करायचा आणि टोपलीत टाकायचा. नंतरच्या तारखेची चिठ्ठी खरी, असं मालकाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मास्तरला नियम एकदा सांगितला की सांगणारा विसरेल, मास्तर विसरायचा नाही.

त्या खोलीत कोणी बोलायचं नाही, कोणी मध्येच हात लावायचं नाही, उजेड एकच. तिथे तो सुखात होता. खोलीबाहेरचं जग मात्र त्याला झेपायचं नाही. दुकानात दोन माणसं एकदम बोलली की तो कानांवर हात दाबून उकिडवा बसायचा. बसने रोजचा रस्ता सोडला की उतरून तिथेच थांबायचा, अक्का शोधत येईपर्यंत. एकदा सहा तास थांबला होता, भर उन्हात, ओठ फुटेपर्यंत. त्याच्यापायी अक्काचा संसार मोडला. नवरा म्हणाला, तो नाहीतर मी. अक्काने फार विचार केला नाही.

तीन वर्षांपूर्वी दाढ काढायला मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा एका तरुण डॉक्टरने त्याला तासभर प्रश्न विचारले आणि कागदावर लिहून दिलं, की याला ऑटिझम आहे, जन्मापासून आहे. अक्काला तो शब्द काही आवडला नाही. पण शेजारपाजारचे वापरत त्या शब्दांपेक्षा तो बरा होता. तिने कागद घडी करून ट्रंकेत ठेवला.

आता तोच कागद बाहेर निघाला. शेड पुन्हा भरायला वर्ष लागणार होतं. अक्काच्या छातीत पंधरा वर्षांची खाद्याची धूळ बसलेली, चार पावलं चाललं की धाप लागायची. तिने कडधान्याच्या व्यापाऱ्याकडून निवडायला मसूर आणायला सुरुवात केली. दोघं खिडकीखाली परात घेऊन बसायची. मास्तरची परात अशी निघायची की व्यापाऱ्याने तिच्यात बोट घालून बघणंही सोडून दिलं. पण निवडणाऱ्याला कोणी कधी पोटभर दिलेलं नाही. शेजारीण म्हणाली, सरकारी महिना मिळतो अशा माणसांना, अर्ज तर करून बघ.

अर्जासोबत काय काय लागतं ते ऑफिसच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. डॉक्टरचा कागद, फोटो आणि अर्जदाराला ओळखणाऱ्या जबाबदार माणसाचा दाखला. शेवटची ओळ वाचून अक्काला हायसं वाटलं. दाखल्याचं तिला माहीत होतं. आई सांगून गेली होती, की कुठल्याही दारात जायचं तर हातात चांगला दाखला हवा. शाळेत घालताना दाखला, खोली भाड्याने घेताना दाखला, शेडवर कामाला लागताना दाखला. गरिबाच्या तोंडावर कोण विश्वास ठेवतं, कागदावर ठेवतात.

मालक रिकाम्या शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेला होता. दाढी वाढलेली. दाखला हवा म्हटल्यावर तो उठून आत गेला, नाव छापलेला कागद घेऊन आला आणि मांडीवर पाटी ठेवून लिहायला लागला. लिहिता लिहिता डोळे पुसत होता. कोंबड्यांसाठी की मास्तरसाठी, ते त्याचं त्याला माहीत. सही केली, शिक्का मारला आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तर दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"अकरा वर्षांत यांनी पास केलेलं एकही अंडं बाजारातून परत आलं नाही. एक दिवस खाडा नाही, कोणाशी तंटा नाही. यांनी बघितलेलं पुन्हा बघावं लागत नाही."

मास्तर भिंतीकडे बघतच म्हणाला, "पुन्हा वाचा."

मालकाने पुन्हा वाचलं. एकूण चार वेळा वाचलं.

अर्जाला मूळ कागद जोडला, आणि मास्तर हटून बसला म्हणून अक्काने त्याची एक झेरॉक्स काढली. ती त्याने खाटेच्या वर भिंतीला चिकटवली, चारही कोपरे मापून. सकाळी उठला की आधी ती वाचायचा, मग तोंड धुवायला जायचा. मनातल्या मनात नाही, पुटपुटत. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज थोडा चढायचा. इतक्या वर्षांत भावाला असं कशाचं कौतुक वाटलेलं अक्काने पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही रोज ते ऐकायला बरं वाटायचं.

अपंगत्व तपासणाऱ्या सरकारी बोर्डापुढे जायच्या दिवशी तिने त्याचे केस कापले, नखं काढली, धुतलेला शर्ट घातला. सकाळी सातला ती दोघं बाकावर बसली. पुढे चाळीस माणसं, मागे तितकीच. डोक्यावरची ट्यूब सतत कुरकुरत होती. मास्तरने टोपी कानांवर ओढली, डोळे मिटले आणि बोटं मोजत बसला. दोनदा उठून पळायला बघत होता, दोनदा अक्काने मनगट धरून बसवलं. बाकावरचे लोक सरकून बसले. एका बाईने लेकराला पलीकडच्या मांडीवर घेतलं.

नंबर आला तेव्हा अडीच वाजले होते. टेबलामागे डॉक्टरबाई होती, शेजारी लिहिणारा कारकून. डॉक्टरबाईने आधी तरुण डॉक्टरचा कागद वाचला, मान हलवली. मग मालकाचा दाखला वाचला आणि चष्मा काढला.

"हे खरं आहे?" तिने विचारलं.

"अक्षर अन् अक्षर खरं," अक्का म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता.

"अकरा वर्षं एक चूक नाही, एक खाडा नाही. मग यांना अपंगत्व कसलं, बाई?"

अक्काला क्षणभर प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती भडाभडा बोलायला लागली. अंधारी खोली, एकच उजेड, बसचा रस्ता, दुकान. आंघोळीचं पाणी रोजच्यापेक्षा जरा जास्त गरम झालं तर तो तीन दिवस पाण्याला शिवत नाही, हे सांगितलं. बाहेरच्या संडासात तो जात नाही, म्हणून आज सकाळपासून त्याला पाणी दिलेलं नाही, हेही सांगितलं. परक्या माणसांपुढे असलं बोलताना तिची मान खाली गेली. मास्तर शेजारी बसून सगळं ऐकत होता. डॉक्टरबाई वाईट नव्हती. तिने ऐकून घेतलं. पण घड्याळाकडे बघत ती म्हणाली, की हे कागदात कुठे आहे? कागदात तर उलटंच लिहिलंय. मला कागदावर जावं लागतं.

कारकुनाने अर्जावर शिक्का मारला. अपात्र.

बाहेर झाडाखाली अर्जनवीस बसायचा, टेबलखुर्ची टाकून. त्याने नामंजूर अर्ज उलटसुलट केला, दाखला वाचला आणि हसायलाच लागला.

"अहो बाई, स्थळ दाखवायला चालला होतात का भावाला? इथे कोणी गुण बघत नाही. इथे जो जास्त वाईट दिसेल तो जिंकतो. एवढा झकास दाखला जोडून स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात."

अक्काला रडायला आलं ते तिने गिळलं, कारण ती रडली की मास्तर घाबरायचा. मग अर्जनवीसच जरा नरमला. महिन्याच्या आत पुन्हा अर्ज करता येतो म्हणाला, पण त्याच माणसाचा नवीन दाखला लागेल. पहिला गैरसमजातून दिला होता, असं त्यात यायला हवं. काय काय लिहायचं ते त्याने एका चिटोऱ्यावर उतरवून दिलं.

चिटोरं आठ दिवस ट्रंकेवर पडून राहिलं. त्या आठ दिवसांत अक्का दोनदा मसुराचं पोतं उचलताना खाली बसली. दुसऱ्यांदा ओठ निळे पडले. मास्तर तिच्याजवळ उभा राहून म्हणत राहिला, "अक्का, ऊठ. अक्का, ऊठ." शेजाऱ्याला हाक मारावी, हे त्याला सुचलं नाही. ती जमिनीवर पडल्या पडल्या एवढाच विचार करत होती, की मी गेले तर हा असाच उभा राहील. दुसऱ्या दिवशी ती मास्तरला घेऊन शेडवर गेली.

मालक भिंतींना चुना मारत होता. चिटोरं वाचून त्याने ब्रश बादलीत टाकला.

"अक्का, हे माझ्याच्याने होणार नाही. तो होता म्हणून माझं नाव होतं बाजारात."

"मला माहीत आहे, मालक."

"खोटं आहे हे."

"खरं लिहिलंत, त्याने काय झालं ते बघितलंत ना."

मालकाने चिटोरं पुन्हा एकदा वाचलं. मग त्याने हात धुतले. मास्तर कुठे आहे म्हणून विचारलं. मास्तर टोकाच्या खोलीत होता. वीज तोडलेली, अंडी नाहीत, तरी तो आपल्या स्टुलावर बसून होता. मालक दाराकडे पाठ करून लिहायला बसला. या वेळी वाचून दाखवलं नाही. पाकिटात घातलं, डिंक लावला, वरून अंगठ्याने दाबलं.

"त्याला दाखवू नका," तो म्हणाला.

"कशाला दाखवेन?" अक्का म्हणाली.

दुसऱ्या बोर्डाला तीच डॉक्टरबाई होती, तोच कारकून, आणि ट्यूब तशीच कुरकुरत होती. अक्काने पाकीट पुढे सरकवलं. कारकुनाने ते फोडलं आणि घसा साफ केला. अक्का चटकन म्हणाली, की साहेब, मनात वाचा. कारकून म्हणाला, आधीचा कागद एक बोलतो आणि हा दुसरं, अशा प्रकरणात अर्जदारासमोर वाचावंच लागतं. तसा नियम आहे. त्याने तारखेपासून सुरुवात केली.

"यांना केवळ दयेपोटी कामावर ठेवले होते. पहिला दाखला बहिणीच्या आग्रहावरून दिला. यांना दिलेले काम होत नसे. यांनी बघितलेलं दुसऱ्या माणसाला पुन्हा बघावं लागे."

मास्तरने टोपी वर केली. मग टेबलाजवळ जाऊन कागदावर वाकला. कारकून दचकून मागे सरला. मास्तरने सही बघितली, शिक्का बघितला, तारखेवर बोट ठेवलं.

"सही मालकांचीच आहे," तो म्हणाला. "तारीख नंतरची आहे."

डॉक्टरबाईने अक्काकडे बघितलं. दोन्ही कागद तिच्यासमोर होते. ती काही लहान नव्हती, काय झालंय ते तिला दिसत असावं. पण तिलाही कुठेतरी सही करायची होती. तिने हळू आवाजात विचारलं, "यातलं खरं कोणतं, बाई? दुसरं खरं असं धरू ना?"

अक्का उत्तर देणार तोच मास्तर तिच्याकडे वळला. तो कधी कोणाच्या तोंडाकडे बघत नसे. आज बघत होता.

"अक्का, हे खरं आहे?"

छत्तीस वर्षांत ती त्याच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती. आई गेली तेव्हासुद्धा गावाला गेली म्हणून सांगितलं नव्हतं. मेली म्हणून सांगितलं होतं. त्याच्या जगात जे थोडे खांब होते त्यातला एक तिचा शब्द होता, आणि हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. कारकून पेन उचलून थांबला होता. बाहेर पुढच्या माणसाला हाक मारून झाली होती. अक्काला मसुराचं पोतं आठवलं, जमीन आठवली, आणि "अक्का, ऊठ" म्हणणारा तो आवाज.

"हो," ती म्हणाली.

शिक्का पडला. पात्र.

घरी आल्यावर मास्तरने चपला काढल्या, सरळ खाटेपाशी गेला आणि भिंतीवरची झेरॉक्स सोडवली. कोपरे फाटू नयेत म्हणून नखाने हळूहळू सोडवली. मग तिचे चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

"अरे, ते खोटं होतं," अक्का म्हणाली. ती अजून दारातच होती. "आज वाचलं ते खोटं होतं. ऑफिसात दाखवायला लिहिलं होतं. पहिलंच खरं आहे."

"तू तिथे हो म्हणालीस."

"ते त्यांच्यासाठी म्हणाले, बाबा."

मास्तरला राग नव्हता, नुसता विचार करत होता.

"आणि आत्ता म्हणतेस ते कोणासाठी?" त्याने विचारलं.

आता ती काहीही म्हणाली असती तरी त्याला ते आधी दिव्यावर धरून बघावं लागलं असतं.

सरकारी महिना सुरू झाला. औषध आलं, धाप थोडी कमी झाली. शेजारीण म्हणाली, बघ, मी सांगत नव्हते? अक्का बरं म्हणाली. कृतघ्न व्हायचं नव्हतं तिला.

पण परातीवर आता वेगळंच सुरू झालं होतं. मास्तर मसूर निवडायचा, पूर्वीसारखाच, एकेक दाणा. निवडून झाला की परात उचलून अक्काच्या पुढ्यात ठेवायचा.

"पुन्हा बघ. मी बघितलेलं पुन्हा बघावं लागतं."

पहिल्या दिवशी तिने नुसता हात फिरवला आणि काही नाही म्हणाली. तो हलला नाही. नीट बघ म्हणाला. तिने नीट बघितलं. काही नव्हतं. त्याने पुन्हा नीट बघ म्हटलं. उजेड जाईपर्यंत ती परात तिच्या मांडीवर होती, आणि तो समोर उभा, बोटं मोजत. जेवला नाही. एका पोत्याला दोन दिवस लागायचे तिथे पाच लागायला लागले. व्यापारी कुरकुरायला लागला.

पावसाळा संपता संपता मालक स्वतः घरी आला. पहिली शेड भरली होती. शहाणा माणूस, अंदाज घेत बोलत होता. महिना बंद व्हायचा नाही, कागदावर नाव घेणार नाही, नुसता सकाळचा येऊन बसू दे, असं म्हणाला. खोलीत नवा बल्ब लावला होता म्हणे. अक्काने मास्तरकडे बघितलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, की दोन माणसं लागतील, एक माझ्यामागे पुन्हा बघायला. तसं तुम्हीच लिहिलंय. मालक चहा अर्धा टाकून उठला. पुन्हा त्या घराकडे फिरकला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी अक्का फार थकली होती. परात मांडीवर, मास्तर समोर, आणि तिसऱ्यांदा नीट बघ झालेलं. तिला वाटलं, आता आपला जीव इथेच या परातीत जाणार. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "एक खडा निघाला."

मास्तरची बोटं थांबली. खांदे खाली आले.

"दाखव," तो म्हणाला.

त्या दुपारी ती दाराशी बसली होती, हाताशीच उंबऱ्यावर वाळूचे खडे होते. तिने त्यातला एक चिमटीत उचलला आणि त्याला दिसणार नाही अशा बेताने परातीवरून हात फिरवून पुढे केला. त्याने तो तळहातावर घेऊन उजेडात धरला, अर्धा वळसा फिरवला आणि उजवीकडे ठेवला. मग हात धुवायला गेला. जेवायला बसला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी तिने तोच खडा पुढे केला. त्याने बघितला आणि परत दिला.

"हा कालचा आहे. नीट बघ."

तेव्हापासून अक्का रोज सकाळी अंगण झाडते, तेव्हा कुंपणापर्यंत जाते. मसुराएवढा एक खडा शोधते, कालच्याहून वेगळा, आणि मास्तर उठायच्या आत मुठीत धरून घरात येते.